छोट्या गाडीचे सस्पेन्शन आणि कोकणातले रस्ते: रत्नागिरीत करून घेतलेल्या कामाचे परीक्षण

कोकणात राहून छोटी गाडी चालवणाऱ्याने सस्पेन्शनवर पैसे कोठे खर्च करावेत आणि कोठे हात आखडता घ्यावा, याविषयी माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे. गाडीतले धक्के कमी करण्यासाठी ‘परफॉर्मन्स’ किंवा ‘स्पोर्ट’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या महागड्या भागांची गरज नाही. मूळ मापाचे चांगले शॉक अब्सॉर्बर, नवे रबरी बुश (हलत्या सांध्यांमधली रबरी नळी) आणि माऊंट (शॉक अब्सॉर्बर गाडीच्या बॉडीला जोडणारा रबरी भाग), योग्य हवा भरलेले योग्य मापाचे टायर आणि हे सारे नीट बसवणारा मिस्त्री एवढ्यावर काम भागते. यातल्या शेवटच्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, पण फरक तिनेच सर्वांत जास्त पडतो. त्यामुळे हे परीक्षण जितके भागांचे आहे तितकेच ते बसवण्याच्या कामाचेही आहे.

गाडी एक हजार सीसीच्या पेट्रोल इंजिनाची साधी हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एकत्र उभा खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग, टायर १५५/८० आर १३, म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम तेरा इंची. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच रचना आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत आहे आणि पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडावे. गाडीचा वापर मुख्यतः रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड या किनारी रस्त्यावर, हातखंब्याहून संगमेश्वर आणि लांज्याकडे महामार्गावर, आणि अधूनमधून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाण्यासाठी होतो. मागच्या आसनावर बहुधा आई असते आणि तिला मणक्याचा त्रास आहे. गाडी कोपऱ्यात किती झुकते यापेक्षा मागच्या माणसाच्या पाठीला काय पोहोचते, हाच निकष त्यामुळे मी सुरुवातीपासून धरला.

कोकणातल्या रस्त्यांचा त्रास एका प्रकारचा नसतो, आणि सस्पेन्शनचा विचार करताना हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीट झालेल्या भागात गाडीला नडतात ते काँक्रीटच्या पट्ट्यांमधले सांधे. हे सांधे साधारण साडेचार मीटरांवर घेतले जातात, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला जवळजवळ पाच सांधे चाकाखालून जातात. बसलेल्या माणसाला वरखाली होणारे कंपन सर्वांत जास्त जाणवते तेही सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे. गुळगुळीत दिसणाऱ्या नव्या रस्त्यावरही तासाभरात पाठ आंबते याचे एक कारण या दोन आकड्यांच्या मेळात आहे. किनारी रस्त्यांची तऱ्हा निराळी. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यात चिरेखाणींवरून जांभ्याचे चिरे भरून निघालेले ट्रक. डांबर सुटून खडी वर येते, कडा खचतात, मोरीच्या आधी आणि नंतर रस्ता बसून मधे उंचवटा राहतो. तिसरा प्रकार गावागावांतल्या गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो अलगद ओलांडता यावा. प्रत्यक्षात शाळेसमोर किंवा देवळाच्या वळणावर तेवढीच उंची हातभर रुंदीत बसवलेली आढळते, आणि मग वेग कितीही कमी केला तरी चाकाला पायरी चढल्यासारखेच चढावे लागते.

छोट्या गाडीची अडचण अशी की पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर जेमतेम २.४ मीटर असते. ताशी ४० किलोमीटर वेगात पुढचे चाक जेथे आपटते तेथे मागचे चाक सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पोहोचते. पुढचा भाग अजून सावरत असतानाच मागून दुसरा धक्का येतो आणि गाडी पुढे-मागे डुलू लागते. तेरा इंची चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा अधिक खोल उतरते, ही त्यात भर. या दोन मर्यादा कोणत्याही शॉक अब्सॉर्बरने जात नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे.

काम करण्यापूर्वी लक्षणे स्पष्ट होती. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून बारीक खडखड येत होती, खड्ड्यात चाक पडले की धप्प असा कोरडा आवाज व्हायचा, गतिरोधक ओलांडल्यावर मागची बाजू एकदा वर जाऊन पुन्हा दोनदा डुलायची आणि पाच माणसे बसली की मोरीच्या उंचवट्यावर मागून गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर शेवटचा आघात झेलणाऱ्या ठोकळ्यावर) बसत होती. डावीकडच्या पुढच्या स्ट्रटवर तेल उतरून धूळ चिकटली होती. शॉक अब्सॉर्बरच्या वरच्या भागावर किंचित ओलसरपणा असणे हा दोष नसतो, पण तेल ओघळून खालच्या टोकापर्यंत आले असेल तर आतले सील गेले असे समजावे. शहरातल्या एका सेवा केंद्राने चारही स्प्रिंगांसह सगळे बदलण्याचा सल्ला दिला. स्प्रिंग मोडलेली नव्हती, चाकाच्या कमानीची उंची दोन्ही बाजूंना सारखी होती, मग स्प्रिंग कशासाठी, या प्रश्नावर ‘सगळे एकदम केलेले चांगले’ एवढेच उत्तर मिळाले. तेथे काम दिले नाही.

खर्चाचा पहिला रुपया सुटण्याआधी हवेचा दाब तपासला. चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर गाडीच्या उत्पादकाने टायरच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. तो वाचण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही आणि पंक्चरच्या दुकानात ‘लांब जायचे आहे’ म्हटले की चार-पाच पौंड जास्तच भरले जातात. तसे भरले की टायरची बाजू कमी दबते आणि काँक्रीटच्या सांध्यांवरचा बारीक ठोका थेट आत येतो. दाब नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी घराबाहेर पडतानाच मोजावा; तापमानात दहा अंश सेल्सिअसचा फरक पडला की दाबात साधारण दीड पौंडाचा फरक पडतो. आमच्या गाडीत तक्त्याप्रमाणे दाब ठेवल्यावर महामार्गावरची टकटक जाणवण्याइतकी कमी झाली. अशी सुधारणा फुकट मिळत असताना ती आधी करून न घेता शॉक अब्सॉर्बरची चौकशी करणे उलटे होईल.

टायरच्या मापाबद्दल एक इशारा आवश्यक वाटतो, कारण गाडी आरामदायी करायला निघालेली मंडळी हमखास चौदा इंची अलॉय चाकांवर जाऊन थांबतात. १५५/८० आर १३ टायरच्या बाजूची उंची १२४ मिलिमीटर असते. १७५/६० आर १४ घेतला तर ती १०५ मिलिमीटरवर येते. एकोणीस मिलिमीटर रबर आणि हवा कमी झाली म्हणजे सस्पेन्शनच्या अगोदरची पहिली गादीच पातळ झाली. दिसायला गाडी छान दिसते, वळणावर थोडी घट्टही वाटते, पण आरामाच्या हिशेबात तो तोटाच आहे. मी मूळ माप तसेच ठेवले. टायर मात्र जुने होऊन कडक झाले होते. टायरच्या बाजूवर असलेल्या चार अंकी आकड्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असे मानण्यापूर्वी तो आकडा पाहावा.

आता शॉक अब्सॉर्बर. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉक अब्सॉर्बरचे काम त्या स्प्रिंगचे झोके थांबवण्याचे, आणि ते तो आतल्या तेलाला बारीक झडपांमधून ढकलून करतो. छोट्या गाड्यांत बहुतेक दुहेरी नळीचे शॉक अब्सॉर्बर असतात. खराब रस्त्यावर पिस्टन सतत वरखाली होऊन तेलात फेस धरला की त्याची पकड सुटते, म्हणून आतल्या मोकळ्या जागेत कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. केवायबी, मन्रो, गॅब्रिएल अशा अनेक उत्पादकांचे या जातीचे शॉक अब्सॉर्बर बाजारात आहेत. एकेरी नळीच्या प्रकारात वायूचा दाब खूप जास्त असतो आणि तेल लवकर थंड होते, म्हणून वेगवान गाड्यांना तो मानवतो. पण त्यात पिस्टन ज्या नळीत फिरतो तीच बाहेरची भिंत असते; उडालेल्या जांभ्याच्या खड्याने तिला पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो. दुहेरी नळीत बाहेरच्या भिंतीला पोचा आला तरी आतली नळी सहसा वाचते. आमच्या रस्त्यांसाठी हा मुद्दा मला निर्णायक वाटला.

निवड शेवटी मूळ मापाच्या आणि मूळ कडकपणाच्या, वायू भरलेल्या दुहेरी नळीच्या शॉक अब्सॉर्बरांची झाली. जास्त कडक संच घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण जुना शॉक अब्सॉर्बर सैल झाल्याने गाडी डुलत असते आणि मग अधिक कडक म्हणजे अधिक चांगला असे वाटू लागते. गाडीचे धूड सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा डुलते आणि ते थांबवायला कडकपणा उपयोगी पडतो हे खरे आहे. परंतु तोच कडकपणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणारे कंपन अधिक प्रमाणात आसनापर्यंत पोहोचवतो, म्हणजे काँक्रीटच्या सांध्यांवर नेमका नको तेथे आडवा येतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी असा कडक संच बसवलेला आहे. घाटात त्यांची गाडी सुरेख चालते. मात्र त्यांच्या घरची मंडळी चिपळूणला जायचे झाले की रेल्वेचे तिकीट काढतात.

मॅकफर्सन स्ट्रटबद्दल थोडे विषयांतर. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल गाडीत आली आणि जागा आणि पैसा दोन्ही वाचत असल्याने जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. तिच्यात शॉक अब्सॉर्बरचा दांडाच चाकाला उभे धरतो, त्यामुळे त्याच्यावर आडवा भार येतो आणि दांडा आपल्या मार्गदर्शक बुशला घासतो. हे घर्षण वाढले की बारीक खडी आणि सांध्यांवर स्ट्रट हलतच नाही. धक्का सरळ वरच्या माऊंटच्या रबराकडे जातो. ते रबरही जुने होऊन दगडासारखे झाले असेल तर पुढे थेट बॉडीत. म्हणून स्ट्रट बदलताना माऊंट आणि त्याखालचे बेअरिंग जुनेच ठेवणे ही मला सर्वांत वाईट काटकसर वाटते. स्ट्रट एकदा उतरवला, स्प्रिंग कंप्रेसरने दाबून उघडली की या दोन भागांसाठी वेगळी मजुरी पडत नाही. नंतर करायचे म्हटले तर सगळी मजुरी पुन्हा.

काम मिरजोळे औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या एका छोट्या गॅरेजात करून घेतले. मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे, हाताखाली दोन मुलगे, दुचाकी उचलण्याचा जॅक सोडला तर लिफ्ट नाही. गाडीखाली जायला जमिनीत बांधलेला जुन्या पद्धतीचा खड्डा. भाग मी कोल्हापूरहून पक्क्या बिलावर आणून दिले होते. स्वतःचे भाग आणलेले गिऱ्हाईक गॅरेजवाल्यांना आवडत नाही, कारण त्यांचा भागांवरचा नफा बुडतो. या मिस्त्रींनी ते उघड सांगून मजुरी थोडी जास्त घेतली, आणि मला ते सरळ व्यवहाराचे वाटले.

या कामात मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट बुश आवळण्याची पद्धत होती. लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेले असते. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर फिरत नाही, पिळले जाते. गाडी लिफ्टवर उचललेली आणि चाके खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्के होते. मग गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, सस्पेन्शनला उगाच कडक करते आणि लवकर फाटते. बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचा आवळायला हवा. दोन खांबांच्या लिफ्टवर हे करणे अवघड असते, कारण तेथे चाके लोंबलेलीच राहतात, आणि गर्दीच्या गॅरेजात त्यासाठी वेगळी सोय करायला कोणाला वेळ नसतो. खड्ड्यावर गाडी आपल्या चाकांवर उभी असते. मी काही सांगण्याआधीच मिस्त्रींनी सगळे बोल्ट हाताने बसवले, गाडी खड्ड्यावर घेतली, चारही बाजूंनी दाबून बसू दिली आणि मग खाली उतरून टॉर्क पान्याने आवळले. “वर टांगून आवळलं की बुश सहा महिन्यात बोंबलतो, साहेब, मग लोक कंपनीला शिव्या घालतात,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. नवे बुश टाकूनही गाडी कडकच राहिली अशी तक्रार करणाऱ्यांनी आपले बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले गेले याची चौकशी जरूर करावी.

दुसरी गोष्ट, नवे शॉक अब्सॉर्बर बसवण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक नग उभा धरून काही वेळा पूर्ण दाबला आणि पूर्ण खेचला. आडवे पडून आलेल्या दुहेरी नळीच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये तेलाच्या जागी वायू शिरलेला असतो. तो बाहेर काढल्याशिवाय बसवला तर सुरुवातीला पोकळ ठोका ऐकू येतो आणि नवा भाग सदोष असल्याचा समज होतो. वेळ लागला तो मात्र बोल्ट सोडवण्यात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात राहिलेल्या गाडीचे खालचे बोल्ट गंजून एकजीव होतात. स्ट्रटच्या खालच्या जोडाचे बोल्ट आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे लागले आणि त्यातला एक शेवटी कापूनच काढला. कोकणातल्या वाचकांनी भागांच्या यादीत नवे बोल्ट आणि नट आधीच धरावेत. स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथला गंजही याच वेळी पाहून घ्यावा. त्या वाटीत पाणी आणि माती साचते आणि स्प्रिंगचा खालचा वेढा तेथेच गंजून तुटण्याचा धोका असतो. आमच्या स्प्रिंगा घासून, रंगवून पुन्हा वापरल्या.

बुशच्या बाबतीत पॉलियुरेथेनचा पर्याय सुचवला जातो. तो रबरापेक्षा टिकाऊ असतो, परंतु अधिक कडक असतो, रस्त्याचे कंपन जास्त आत आणतो आणि ग्रीस सुकले की कुरकुरतो. शर्यतीच्या गाडीला तो शोभेल. आईला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या गाडीला रबरच हवे.

स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवायच्या रबरी बफरांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण कोकणात त्यांचा खप मोठा आहे आणि आंब्याच्या दिवसांत मागे पेट्या भरून गाडी खाली बसू लागली की प्रत्येक जण तेच सुचवतो. बफर दोन वेढ्यांमध्ये अडकून ते वेढे जवळजवळ बंद करतो. स्प्रिंगचे काम करणारे वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग तेवढीच कडक होते. गाडी थोडी उचलली जाते, भरलेल्या गाडीचे बूड रस्त्याला लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण वर्षातले बाकीचे महिने गाडीत दोन माणसे असतात, आणि तेव्हा हीच कडक मागची बाजू प्रत्येक उंचवट्यावर लाथ मारते. शॉक अब्सॉर्बरची झडप मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने केलेली असल्याने वाढलेला झोकाही तो पुरता आवरत नाही. जाड तारेच्या स्प्रिंगांचेही तेच. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, त्यामुळे बाकी मापे तीच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ केली तरी कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी चढतो. दुकानदार ‘फक्त एका मिलिमीटरचा फरक’ म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवावे. आणि फक्त पुढच्याच स्प्रिंगा कडक केल्या तर पुढच्या-मागच्या झोक्यांचा उत्पादकाने साधलेला मेळ बिघडून डुलणे वाढण्याचीच शक्यता अधिक. भरलेली गाडी खाली आपटण्यावर मी निवडलेला उपाय साधा होता: मागचे झिजून चुरा झालेले बंप स्टॉप काढून मूळ मापाचे, बारीक छिद्रांच्या फोमचे नवे बसवले. ते हळूहळू दाबले जातात, त्यामुळे शेवटच्या क्षणीचा कोरडा आघात मऊ होतो. गाडी तरीही बसते, पण आपटत नाही. ज्यांची गाडी बाराही महिने भरलेलीच असते त्यांनी बफर लावले तर मी त्यांना दोष देणार नाही.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेणे किंवा उंच जोडण्या लावून ती वर उचलणे, हे प्रकार येथे विचारातच घेतले नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी असा बदल महागात पडू शकतो.

काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट वेगळ्या दुकानात करून घेतले. स्ट्रट सोडले की चाकाचा कोन बदलतोच, त्यामुळे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आता परिणाम. सर्वांत मोठा फरक किनारी रस्त्यावर पडला. भाट्ये ओलांडून पावसकडे जाताना उखडलेल्या खडीवर आधी जो खडखडाट व्हायचा तो जवळजवळ गेला; चाक खड्ड्यात पडते, आवाज येतो, पण तो दबका आणि एकच. ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगात गाडी आता रस्ता धरून चालते आणि स्टिअरिंग हातात थरथरत नाही. मोरीच्या उंचवट्यांवर मागची बाजू एकदाच वर येऊन बसते. मागे बसलेल्या आईने पूर्णगडपर्यंत दाराच्या वरची पट्टी धरली नाही, आणि माझ्या मते या कामाची याहून नेमकी मोजणी दुसरी नसेल.

गतिरोधकांवर निकाल अर्धा आहे. पहिला धक्का होता तितकाच आहे, कारण तो चाकाचा आकार, टायर आणि स्प्रिंग ठरवतात. नंतरचे डुलणे मात्र थांबले. महामार्गाच्या काँक्रीटवर टकटक कमी झाली, संपली नाही. इथे दाब आणि नव्या माऊंटच्या रबराचा वाटा शॉक अब्सॉर्बरपेक्षा अधिक असावा असे मला वाटते, कारण दाब मुद्दाम चार पौंडांनी वाढवून पाहिला तेव्हा जुना ठोका लगेच परतला. सुरुवातीला नवे शॉक अब्सॉर्बर बारीक खडबडीवर थोडे घट्ट वाटले. वायूचा दाब आणि नव्या सीलचे घर्षण यामुळे तसे होते, आणि काही दिवसांच्या वापराने ते बरेच निवळले. आंबा घाटात गाडी वळणावर झुकते ती झुकतेच. झुकण्याचे प्रमाण स्प्रिंगा आणि अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे रोखणारा दांडा) ठरवतात. शॉक अब्सॉर्बर फक्त ती किती पटकन झुकेल हे ठरवतो. एकामागून एक येणाऱ्या वळणांवर गाडी आता सावकाश, सांगून झुकते, आणि त्यामुळे मागे बसलेल्यांना मळमळणे कमी झाले.

एक अनपेक्षित तोटाही नोंदवतो. पुढची खडखड गेल्यावर इतके दिवस तिच्याआड लपलेले आवाज बाहेर आले: डिकीच्या झाकणाची कडकड, डॅशबोर्डची कुरकुर, थांबलेल्या गाडीत इंजिनाच्या माऊंटचा थरकाप. त्यांचा सस्पेन्शनशी संबंध नाही, पण गाडी पूर्ण शांत होईल या अपेक्षेने कोणी खर्च करणार असेल तर त्याला हे आधी ठाऊक असावे. मागच्या आसनाचा बसलेला फोमही लक्षात आला. तो गादीवाल्याकडून बदलून घेणे हे आरामाच्या दृष्टीने स्वस्तातले काम आहे.

चार शॉक अब्सॉर्बर, दोन माऊंट आणि बेअरिंगे, लोअर आर्मचे बुश, बंप स्टॉप, धुळीपासून बचाव करणारी रबरी आवरणे, नवे बोल्ट, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून खर्च वीस हजारांच्या आत बसला. टायर त्यात धरलेले नाहीत. ज्यांच्याकडे एवढे पैसे एकदम नाहीत त्यांनी आधी हवा आणि टायर पाहावेत, मग पुढची जोडी माऊंटसह करावी आणि मागची नंतर. एका ॲक्सलवरचा एकच शॉक अब्सॉर्बर बदलणे मात्र टाळावे, कारण ब्रेक लावताना आणि वळताना दोन बाजू वेगवेगळ्या वागू लागतात. गॅरेजला गुण द्यायचे तर कामाला पूर्ण, वेळेला निम्मे: एका दिवसाचे सांगितलेले काम गंजलेल्या बोल्टांमुळे आणि मधे आलेल्या एसटीच्या कंत्राटदाराच्या गाडीमुळे लांबले. लेखी हमी मिळाली नाही, पण अलाइनमेंटनंतर पुन्हा खड्ड्यावर घेऊन सगळे बोल्ट पैसे न घेता तपासून दिले.

मागच्या टॉर्शन बीमचे दोन मोठे बुश अजून जुनेच आहेत. ते काढायला आणि बसवायला हायड्रॉलिक प्रेस किंवा त्यासाठीचा खास पुलर लागतो, तो या गॅरेजात नाही, आणि हातोड्याने ठोकून ते बसवायला मिस्त्रींनी स्वतःच नकार दिला. रबराला बारीक भेगा आहेत, फाटलेले नाही. पावसाळा संपल्यावर बीमच्या जोडाचे बोल्ट आधीपासून तेल मारून सैल करून ठेवायचे आणि ते काम कोल्हापूरला करून घ्यायचे असे ठरले आहे.